चाळीस मिनिटांचा फोटो

शरे, फोटो लागला भिंतीवर. काल दुपारी. लिव्हिंग रूममधल्या मोठ्या भिंतीवर तू टेपनं मोजून पेन्सिलीच्या बारीक फुल्या करून गेली होतीस ना, बरोब्बर तिथं.

आता तू म्हणशील, काल? तू तर मला मागच्या महिन्यातच सांगितलं होतंस की लावला म्हणून. सांगितलं होतं. खोटं सांगितलं होतं. तू अंथरुणावर होतीस, नाकात नळी होती, आणि मी तुझ्या डोळ्यांत बघून खोटं बोलले. तुला जाऊन आज एकोणीस दिवस झाले आणि एकही दिवस त्या खोट्याची आठवण झाल्याशिवाय गेला नाही. म्हणून लिहायला बसलेय.

तुझ्याबद्दल बाकीचं सगळं लोकांनी लिहून टाकलंय. मंडळाच्या ग्रुपवर मोठा मेसेज फिरला. नागपूरचं कॉलेज, इथं अमेरिकेत पूल बांधणाऱ्या कंपनीतली नोकरी, रिटायर झाल्यावरचा कॅमेरा, प्रदर्शनं, मागे एक मुलगी, जावई, नात. सगळं बरोबर होतं आणि त्यात तू कुठंच नव्हतीस. अ‍ॅशबर्नच्या त्या फ्युनरल होममध्ये तुझ्या मीतानं बोलणाऱ्यांची यादी केली होती, माझ्या नावापुढं तीन मिनिटं लिहिली होती. मी उभी राहिले, कागद उलगडला, "शरयू माझी मैत्रीण होती" एवढं म्हटलं आणि खाली बसले. लोकांना वाटलं, बिचारीला रडू आवरेना. रडू नव्हतंच आलं. "मी फोटो लावलेला नाही" हे एकच वाक्य सारखं ओठांवर येत होतं आणि ते तिथं म्हणता येत नव्हतं.

तू तो लाकडी कॅमेरा घेतलास तेव्हा मी तुला वेड्यात काढलं होतं, आठवतं? सगळं जग फोनवर फोटो काढतंय आणि ही बाई साठाव्या वर्षी आजोबांच्या काळातला, भात्यासारखा उघडणारा डबा घेऊन आली. वर काळं फडकं. पहिल्यांदा मला त्या फडक्याखाली डोकं घालायला लावलंस, ते एका जुन्या चर्चमध्ये. मी आत बघितलं आणि ओरडलेच, "अगं शरे, हे तर सगळं उलटं दिसतंय! छत खाली, बाकं वर!"

"हो ना बाप्पा. होते सवय. नवऱ्यासोबत नाही झाली का?"

चर्चमध्ये मोठ्यांदा हसल्याबद्दल एका म्हाताऱ्या बाईनं आपल्याकडे बघितलं होतं.

तेव्हापासून मी तुझी हमाल. तुझा नवरा प्रकाश जाऊन बरीच वर्षं झालेली, माझा वसंत नुकताच गेलेला. मुलगा सांता क्लाराला, त्याचा फोन रविवारी, दहा मिनिटं, त्यातली पाच हवामानाची. शनिवारी सकाळी तुझी गाडी ड्राइव्हवेत आली की मी तीन पायांचं ते लोढणं खांद्यावर घेऊन निघायचे. जुनी कोर्टं, वाचनालयं, बंद पडलेल्या गिरण्या, एक तर चक्क जुना तुरुंग. पर्सिपनी असो की फिलाडेल्फिया, डबा माझ्याकडे. मेथीचे पराठे, लिंबाचं लोणचं, आणि वेगळ्या स्टीलच्या डबीत राजगिऱ्याचे लाडू. लाडू का, ते आपल्या दोघींनाही माहीत होतं आणि बोलायला बंदी होती. तुझी शुगर अचानक उतरायची. पण तुझ्यापुढं 'शुगर' हा शब्द काढला की तू आठ दिवस फोन उचलायची नाहीस.

आणि आपला तो वाद. तुझ्या फोटोत माणूस म्हणून नको. मोठाले हॉल, कमानी, जिने, उंच खिडक्यांमधून आलेला उजेड, आणि सगळं सुनं. मी म्हणायचे, "अगं, निदान एक झाडूवाला तरी असू दे." तू म्हणायचीस, माणसं काय, येतात नि जातात, इमारत राहते. मी म्हणायचे, माणसंच नसतील तर इमारत कशाला बांधली मग, कबुतरांसाठी? तू खांदे उडवायचीस. तुझी पद्धतच अशी होती की माणसं आपोआप गळायची. कॅमेऱ्याचं भोक इतकं बारीक ठेवायचीस की फोटो उतरायला अर्धा-अर्धा तास लागायचा. तेवढ्या वेळात कोणी समोरून चालत गेलं तर फिल्मवर त्याचा मागमूससुद्धा राहायचा नाही. जे हललं ते गेलं, जे जागचं हललं नाही तेवढंच उरलं. मला हे ऐकून अंगावर काटा यायचा. तुला ते फार आवडायचं.

मग तो रेल्वेचा वेटिंग हॉल. नदीकाठचं जुनं टर्मिनस, गाड्या कधीच्याच बंद झालेल्या. मार्च महिना, आत बाहेरच्यापेक्षा जास्त गारठा. देखरेखीला एक वयस्क गृहस्थ होते, पूर्वी रेल्वेतच नोकरीला असलेले. त्यांनी दार उघडलं, आपल्याकडे बघितलं आणि विचारलं, सिस्टर्स का? तू म्हणालीस, "नो नो, शी इज माय लगेज." ते गृहस्थ इतके हसले की त्यांना खोकला लागला.

काय हॉल होता तो! वर रंगीत काचांचं छत, मधोमध पितळी घड्याळ बंद पडलेलं, आणि लाकडी बाकांच्या रांगाच रांगा, पाठी गुळगुळीत झालेल्या. तू दोन तास नुसती फिरलीस. मग म्हणालीस, "कुंदे, आज तू बसशील का फोटोत?"

मला खरंच वाटेना. म्हटलं, थट्टा करतेस का? तू म्हणालीस, नाही. चाळीस मिनिटं लागतील. तिसऱ्या रांगेत बस. हलायचं नाही, बोलायचं नाही. आणि मग पुणेरी लोकांना दुसरी गोष्ट पहिलीपेक्षा अवघड जाते, असंही म्हणालीस.

मी तिसऱ्या रांगेत गेले. माझी ती पायाच्या डॉक्टरांनी घ्यायला लावलेली जाड पट्ट्यांची चप्पल, जिला तू रणगाडे म्हणायचीस, ती काढली. मोजे घातलेल्या पायांनी वर चढून मांडी घातली. "घातली का मांडी! बाप्पा, रेल्वेच्या बाकावरसुद्धा?" तू लांबून ओरडलीस. चाळीस मिनिटं पाय लोंबकळत ठेवून मला बसता येत नाही, हे तुला सांगायला हवं होतं का? मग तू हात वर केलास, कॅमेऱ्याचं झाकण काढलंस, आणि मी फोटोत बसले.

शरे, तुला हे कधी सांगितलं नाही. ती पहिली पाच मिनिटं मी फार सुखात होते. वसंत गेल्यापासून माझ्याकडे इतका वेळ, इतकं नीट, कोणी बघितलं नव्हतं. घरात मी आहे की नाही, यानं कुणालाच फरक पडत नव्हता. दिवे मीच लावायचे, मीच घालवायचे. इथं मात्र माझं असणं कुठंतरी उमटत होतं, हळूहळू, एकेका मिनिटानं.

आणि मग तुझा हात दिसला. घड्याळ धरलेला. थरथरत होता. तू कॅमेऱ्याच्या स्टँडला टेकलीस, पुन्हा सरळ झालीस, पुन्हा टेकलीस. चेहरा पांढराफटक. मी उठले. कसला विचार करते! पिशवीतली डबी काढली आणि बाकांमधून धावत आले.

"उठलीस कशाला! बस! बस जाऊन!"

"आधी हा लाडू खा."

"सत्यानाश केलास, कुंदे. पाच मिनिटांत उठली तू. काही नाही येणार तुझं."

"हात थरथरतोय तुझा."

"थंडीनं थरथरून राहिला."

दुसरा लाडू मागून घेतलास, पण 'थंडीनं' हा शब्द काही मागे घेतला नाहीस. मला परत जाऊ दिलं नाहीस, आता गेलं तर नुसता डाग पडेल म्हणालीस. पण मेहनत वाया जाऊ द्यायची नाही म्हणून कॅमेरा उघडाच ठेवलास. उरलेली पस्तीस मिनिटं मी तुझ्या मागं नुसत्या मोज्यांवर उभी. फरशी अशी गार की पोटऱ्यांत गोळे आले. मी तुझ्याकडे बघत होते आणि तू रिकाम्या हॉलकडे.

पुढं फोनवर तो फोटो दाखवलास. तळहाताएवढा. तिसऱ्या रांगेत मी नव्हते. नुसतं बाक होतं. "बढिया आला ना?" तू विचारलंस. मी हो म्हटलं. चष्मासुद्धा काढला नव्हता पर्समधून.

आणि त्यानंतर सहाच महिन्यांनी तू बातमी दिलीस की मीताकडे जातेय, अ‍ॅशबर्नला, कायमची. डोळे अधू झालेच होते एव्हाना, किडनीचंही सुरू झालं होतं. एकटीनं राहणं शक्य नव्हतं, हे मला कळत होतं. कळत होतं आणि तरी राग आला. घर विकायच्या आठवड्यात तू दोन माणसांबरोबर ते खोकं घेऊन आलीस. सात फूट बाय पाच फूट. "ही भिंत," म्हणालीस. टेप काढलीस. फुल्या केल्यास. खोकं उघडायला निघालीस, तर मी म्हटलं, राहू दे, लावताना उघडू.

तू गेल्यावर मी शेजारच्या मुलांना सांगून ते गराजमध्ये ठेवलं. बर्फ काढायच्या फावड्याच्या मागं, गणपतीच्या मखराच्या शेजारी. तोंड भिंतीकडे. कारण सांगू? मोठ्या रिकाम्या घरात आणखी एक मोठा रिकामा हॉल कशाला टांगायचा? माझी मैत्रीण मला सोडून निघाली आणि जाताना मला काय देऊन गेली, तर ज्यात मी नाही असा माझा फोटो. तुला असं कोण बोलणार? मी बोलले नाही. खोक्यावर राग काढला.

मग दर फोनला तुझा प्रश्न. लावला का? मी म्हणायचे, माणूस मिळत नाही. इथं एडिसनमध्ये खिळा ठोकायला माणूस मिळत नाही, हे तू दीड वर्ष ऐकून घेतलंस. ओक ट्री रोडवर दगड मारला तर हँडीमनला लागेल, हे तुला माहीत नव्हतं थोडंच. तरी तू काही बोलली नाहीस. तुझ्यासारखी तोंडाळ बाई गप्प बसते म्हणजे काहीतरी असतं, एवढं मला तरी कळायला हवं होतं.

मागच्या महिन्यात आले तुला भेटायला. चार तास ड्राइव्ह करून, वाटेत दोनदा थांबून. तू उशीत बुडालेली. किती बारीक झाली होतीस गं. मला बघितल्यावर पहिलं वाक्य, "लावला?"

"लावला."

कसं तोंडातून गेलं ते मला कळलंच नाही. वाटलं, एवढ्यानं हिला बरं वाटणार असेल तर वाटू दे.

"कसा दिसते?"

"छान दिसतो. भिंत भरून गेली."

"काय काय दिसते?"

"अगं, हॉल दिसतो. छत. बाकं. उजेड."

"अजून?"

"अजून काय असणार? घड्याळ."

तू माझ्याकडे बघत राहिलीस. डोळ्यांनी फारसं दिसत नव्हतं तुला, तरी बघत राहिलीस. मग हसलीस, थोडंसं, एका बाजूनं. "बरं," म्हणालीस. "बढिया." आणि माझा हात शोधून त्याच्यावर दोन चापट्या मारल्यास, लहान मुलाला मारतात तशा. मला वाटलं, पटलं हिला. परतीच्या वाटेवर मी स्वतःला समजावत होते की चांगल्या कामासाठी खोटं बोललं तर चालतं. पण खाई त्याला खवखवे म्हणतात, ते काही खोटं नाही.

परवा मीताचा फोन आला. म्हणाली, आईनं कॅमेरा आणि स्टँड तुला द्यायला सांगितलंय, मी उद्या शनिवारी आणून देते. आणि मावशी, मला तो फोटो भिंतीवर बघायचाय. आई सारखी सांगायची, तू लावलास म्हणून.

माझी रात्रीची झोप उडाली, दुसरं काय. सकाळी गराजमध्ये जाऊन खोकं हलवून बघितलं. हलेना. बहात्तराव्या वर्षी सात फुटांचं खोकं एकटीनं कोण उचलणार? अकरा वाजता मीता आली. तुझी चाल, तुझीच मान वळवायची तऱ्हा. आत आली, भिंतीकडे बघितलं. भिंतीवर तुझ्या चार फुल्या.

"मावशी, फोटो कुठेय?"

मी तिला गराजचं दार उघडून दाखवलं. तिनं खोक्याकडे बघितलं. मग तडक बाहेर गेली. मला वाटलं, निघाली ही, आणि बरोबरच आहे तिचं. तर ती गाडीतून हातात ड्रिल घेऊन आली.

"हे काय?" मी विचारलं.

"आई म्हणाली होती, मावशीकडे जाशील तेव्हा ड्रिल घेऊन जा. आय थॉट कॅमेऱ्याचं काहीतरी असेल." ती हसायला लागली आणि हसता हसता रडायला लागली. "तिला माहीत होतं, मावशी. शी टोटली न्यू."

मी पायरीवर बसले. शरे, तू मेल्यावरही मला तोंडावर पाडलंस.

शेजारच्या दोन्ही मुलांना बोलावलं. खोकं फोडलं, कागद काढले, तुझ्या फुल्यांवर भोकं पाडली, चौघांनी मिळून फोटो वर चढवला. मी पहिल्यांदाच तो मोठा बघितला. काय केलं होतंस तू ते! बाकाच्या पाठीवरचा प्रत्येक ओरखडा, फरशीतला प्रत्येक सांधा, छताच्या काचांतून खाली पडलेला रंग, सगळं हाताला लागेल इतकं जवळ. आपल्या दोघींच्या उंचीपेक्षा मोठा तो हॉल माझ्या घरात येऊन उभा होता.

मीता जवळ गेली. खाली वाकली. "मावशी, वेट. हे शूज कोणाचे आहेत?"

मी चष्मा लावला.

तिसरी रांग. बाक रिकामं. बाकाखाली माझे रणगाडे. दोन्ही, शेजारी शेजारी, डावी जराशी तिरकी. पट्ट्यांवरचे टाके मोजता येतील इतके स्वच्छ. चाळीसच्या चाळीस मिनिटं ते जागचे हलले नव्हते. मी घाबरून मोज्यांवरच पळाले होते ना तुझ्याकडे.

"माझे," मी म्हटलं. "ओह, दॅट्स यू," मीता म्हणाली. "प्रिंट करताना लॅबवाल्यानं विचारलं होतं, समवन लेफ्ट देअर शूज, काढून टाकू का? आई एवढी ओरडली त्याच्यावर. मी शेजारीच होते. शी सेड, शूज काढलेस तर फोटो परत घेऊन जा."

तू, शरे. जिनं एका वाचनालयाच्या फोटोतला केराचा कपटा पुसायला तीन दिवस घालवले होते. माणसाची खूण नको म्हणून दहा वर्षं माझ्याशी भांडलीस. आपला वाद तू हरली होतीस आणि तसं तोंडानं सांगायचं नाही म्हणून सात फुटांचा कागद छापलास. मी का उठले, ते तुला माहीत होतं. थंडीनं नव्हता थरथरत हात. एवढंच तुला मला सांगायचं होतं, आणि मी ते खोक्यात घालून तोंड भिंतीकडे करून ठेवलं.

आणि तू विचारलंस, अजून काय दिसते? मी म्हटलं, घड्याळ.

माफ कर म्हणायला आता कुणाला म्हणू? तू असतीस तर म्हणाली असतीस, "जाऊ दे ना बाप्पा, लावला ना शेवटी." तुझ्या त्या दोन चापट्यांतच ते होतं बहुतेक. मला ते तिथंच समजलं असतं तर तुझ्या उशाशी बसून मनसोक्त भांडता आलं असतं. ते एक भांडण राहिलं, याचं मला सगळ्यात जास्त वाईट वाटतं. इतकं छान भांडण झालं असतं आपलं.

मीता संध्याकाळी परत गेली. कॅमेरा कोपऱ्यात उभा आहे, वर तुझं काळं फडकं. तो मला येत नाही आणि आता शिकवणारी कोण आहे? आज रविवार. दुपारी जेवण झाल्यावर मी चपला काढल्या आणि सोफ्यावर मांडी घालून फोटोसमोर बसले. ठरवूनच बसले, चाळीस मिनिटं. मधे सांता क्लाराहून फोन आला, वाजून थांबला. खिडकीतलं ऊन फोटोतल्या बाकांवरून सरकत गेलं. पाय आखडले, पाठ दुखायला लागली. पण या वेळी उठले नाही, शरे. उठून लाडू तरी कुणाला द्यायचा होता?